कृष्णाकाठावरून दिसणारं संघराज्य

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढं गेली. इथं धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या आठवड्यात या पाण्याशी संबंधित अधिकार कुणाकुणाकडे होते, ते आधी पाहू. पावसाचा अंदाज भारतीय हवामान विभागाचा, नदीच्या पुराचा अंदाज केंद्रीय जल आयोगाचा, म्हणजे दोन्ही दिल्लीच्या अखत्यारीतले. कोयना, चांदोली, धोम, कण्हेर या धरणांचे दरवाजे महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याच्या हाती. खालच्या अंगाला हिप्परगी बंधारा आणि अलमट्टी धरण कर्नाटकाच्या हाती. बचावाची तुकडी पुन्हा केंद्राची. पूरपट्ट्यात कुठं बांधू द्यायचं आणि कुठं नाही, हे महापालिका आणि नगरविकास खातं ठरवणार. आणि पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये ८ ऑगस्टला जी बोट उलटून माणसं बुडाली, ती गावातलीच बोट होती. मदत पोचण्याआधी गावानं आपल्या हातात होतं ते वापरलं होतं.

अधिकार कुणाकडेच नव्हते, असं त्या आठवड्याबद्दल म्हणता येत नाही. प्रत्येकाकडे एक तुकडा होता. हे तुकडे जोडून पाहणारी आणि त्याचा जाब देणारी जागा मात्र कुठंच नव्हती.

संघराज्यातल्या सत्तावाटपाची आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा दिल्ली आणि मुंबई यांच्यातल्या रस्सीखेचीपुरती होते. निधी कुणी अडवला, राज्यपालांनी काय केलं, कर कुणाच्या खिशात गेला. हे प्रश्न खरे आहेत. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत उभं राहून पाहिलं तर चित्र निराळं दिसतं. राज्य केंद्राकडे जी तक्रार करतं, तीच तक्रार जिल्ह्याला राज्याविषयी करावी लागते. सत्ता दिल्लीहून मुंबईपर्यंत येते आणि मंत्रालयात थांबते. याखेरीज दोन राज्यांच्या मधोमध एक मोकळी जागा पडून आहे, जिथं कुणाचीच सत्ता चालत नाही. माझ्या मते आपल्या संघराज्याचे आजचे खरे दोष हे दोन आहेत.

घटनेची मांडणी थोडक्यात सांगतो. सातव्या परिशिष्टात तीन सूच्या आहेत: केंद्राची, राज्यांची आणि समवर्ती. संरक्षण, चलन, रेल्वे केंद्राकडे. पोलीस, शेती, सहकार राज्याकडे. वनं, शिक्षण, वीज दोघांकडे. यातलं वनं आणि शिक्षण १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेलं. सूचीत न बसणारं जे काही उरेल, ते केंद्राचं. राज्यांच्या सीमा बदलायच्या तर तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे संसद बदलू शकते, राज्याचं फक्त मत मागवलं जातं. अमेरिकेत आधीपासून असलेली राज्यं एकत्र आली आणि त्यांनी मोजके अधिकार वर दिले. आपल्याकडे फाळणी आणि संस्थानांच्या विलीनीकरणाच्या धामधुमीत आधी देश एकत्र राखण्याची काळजी होती, म्हणून केंद्र जड ठेवलं गेलं. १९४७-४८ साली ती काळजी रास्त होती, हे कृष्णाकाठानं तरी नाकारू नये. तेव्हा सांगली, मिरज, औंध, फलटण, जत अशी लहानलहान संस्थानं इंग्रजी अमलाखालच्या सातारा जिल्ह्याभोवती विखुरलेली होती. १९३५ च्या कायद्यातलं संघराज्य संस्थानिक सामील न झाल्यानं कधी अवतरलंच नाही. मार्च १९४८ मध्ये दक्षिणी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, १९४९ साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं.

आता पाणी. हा या आढाव्याचा गाभा आहे, कारण सूच्यांची वाटणी नदीला कशी लागू पडत नाही हे कृष्णेइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. पाणी हा राज्याचा विषय आहे. मात्र तो आंतरराज्य नद्यांच्या नियमनाच्या केंद्रीय अधिकाराला अधीन आहे. तो अधिकार वापरण्यासाठी संसदेनं १९५६ साली दोन कायदे केले. एक नदी मंडळांचा: राज्यांनी मिळून खोऱ्याचं नियोजन करावं यासाठी. दुसरा तंट्यांचा: राज्यांचं पटलं नाही तर लवाद नेमावा यासाठी. पहिल्या कायद्याखाली आजवर एकही नदी मंडळ उभं राहिलं नाही. दुसऱ्या कायद्याखाली लवादांमागून लवाद आले. भांडणाची सोय वापरात आली आणि एकत्र बसण्याची सोय कागदावर राहिली. या एका निवडीनं पुढची ७० वर्षं घडवली.

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगलीवरून कर्नाटकात आणि पुढं तेलंगण-आंध्रात जाते. १९६९ साली न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला, १९७३ मध्ये त्याचा निवाडा आला आणि १९७६ मध्ये अंतिम स्वरूप मिळालं. ७५ टक्के विश्वासार्हतेनं मिळणारं २,०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाटलं गेलं: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८००. वापरून नदीत परतणाऱ्या पाण्याचा हिस्सा वेगळा. कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवून वीज करण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा आली. कोयनेची साठवण १०५ टीएमसीच्या घरातली. घाटाच्या पूर्वेला पडलेलं पाणी बोगद्यातून पश्चिमेला उतरवून वीज करायची की पूर्वेच्या माण-खटाव-आटपाडीला द्यायचं, हा या मातीतला फार जुना सवाल. तो राज्यानं एकट्यानं सोडवायचा नव्हता, खालच्या दोन राज्यांचाही त्यात शब्द होता.

या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर करता येईल, अशी त्यात तरतूद होती. त्या तारखेनं पश्चिम महाराष्ट्राचं सगळं राजकारण व्यापून टाकलं. तोपर्यंत आपल्या वाट्याचं पाणी अडवलं नाही तर पुढं हक्क सांगणं अवघड होईल, असं मानलं गेलं. १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, रोखे काढून पैसा उभारला गेला आणि धरणं, कालवे, उपसा योजना एकाच वेळी हाती घेतल्या गेल्या. ताकारी, म्हैसाळ आधीपासून रखडलेल्या होत्या, त्यांत टेंभूची भर पडली. पैसा पातळ पसरला. धरणात पाणी आलं पण पोटकालवे नाहीत, पंपगृह झालं पण वीजबिलाची तरतूद नाही, अशी अवस्था कित्येक वर्षं राहिली. तंट्याच्या कायद्यातली एक तारीख एखाद्या राज्याचा खर्चाचा क्रम कसा उलटापालटा करते, याचं हे उदाहरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवायला हवं. पुढं केंद्राच्या प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेत ९९ रखडलेले प्रकल्प निवडले गेले, त्यात ताकारी-म्हैसाळची कृष्णा-कोयना उपसा योजनाही आली. म्हणजे पाणी राज्याचं, त्याची मर्यादा लवादाची आणि ते शिवारात पोचवायचा पैसा अखेरीस बऱ्याच अंशी केंद्राचा.

दुसरा लवाद २००४ साली न्या. ब्रिजेशकुमार यांच्या अध्यक्षतेखाली बसला. डिसेंबर २०१० मध्ये त्याचा निर्णय आला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये पुढचा अहवाल. महाराष्ट्राचा एकूण वाटा ६६६ टीएमसी झाला आणि अलमट्टीची उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायला कर्नाटकाला परवानगी मिळाली. हा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध करू नये असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलं होतं, त्यामुळं तो आजही लागू नाही. मध्ये तेलंगण वेगळं झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रानं याच लवादापुढं आंध्र-तेलंगणच्या वाटणीचे नवे मुद्दे ठेवले. दरम्यान, धरण वाढलं तर पाणी मागं फुगून पूर वाढेल या भीतीनं सांगलीकरांच्या दृष्टीनं सगळा प्रश्न अलमट्टीच्या उंचीवर येऊन थांबला आहे. २०२५ मध्येही महाराष्ट्रानं या उंचीला लेखी विरोध केला आणि कर्नाटकानं भूसंपादनाची पुढची पावलं टाकली.

इथं एक अप्रिय गोष्ट बोलायला हवी. २०१९ च्या पुरानंतर राज्यानं नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं अलमट्टीचा फुगवटा हे सांगलीच्या पुराचं मुख्य कारण मानलं नाही. पाणलोटातला विलक्षण पाऊस, नदीच्या पात्रात आणि पूरपट्ट्यात झालेली बांधकामं, धरणांतून सोडलेल्या विसर्गाचा मेळ, यांकडे तिनं बोट दाखवलं. समितीच्या निष्कर्षांवर वाद आहेत आणि काठावरच्या लोकांनी ते तपासून मागणं योग्यच आहे. पण कारणांची ही यादी वाचली की लक्षात येतं, यातल्या बऱ्याच गोष्टी बेळगाव-बेंगळुरूच्या नव्हे तर सांगली आणि मुंबईच्या अखत्यारीत आहेत. शेजारच्या राज्याकडे बोट दाखवणं प्रत्येक पक्षाला सोयीचं जातं, कारण त्यासाठी आपल्या पूरपट्ट्यातलं एकही बांधकाम हटवावं लागत नाही.

दोन्ही राज्यं एकमेकांशी बोलतच नाहीत असं नाही. जून २०२१ मध्ये तेव्हाचे जलसंपदा मंत्री, वाळव्याचे जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, धरणातल्या पाण्याची आणि विसर्गाची माहिती ताबडतोब एकमेकांना द्यायची असं ठरलं. त्यानंतर जेमतेम महिन्याभरानं पूर आला आणि पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसं गेली. पण त्या समन्वयाची पद्धत बसू लागली हे मान्य करायला हवं. दोष असा, की हा समन्वय दोन मंत्र्यांच्या भेटीवर आणि अभियंत्यांच्या फोनवर अवलंबून आहे. तो कायद्यात कुठंच नाही. २०१४ च्या आंध्र पुनर्रचना कायद्यानं कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ स्थापन झालं, पण ते आंध्र आणि तेलंगणपुरतं. नदीच्या वरच्या निम्म्या भागासाठी तसं काही नाही. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्यातल्या राज्यांनी मोठ्या दुष्काळाच्या काळात काही अधिकार संघाकडे सोपवले, २००७ च्या कायद्यानं संपूर्ण खोऱ्याचं एक प्राधिकरण झालं. तिथंही भांडणं संपलेली नाहीत. पण भांडायला एक कायमची जागा आहे.

पुराची उलटी बाजू जत तालुक्यात दिसते. कृष्णेच्याच जिल्ह्यातला हा कोरडा, सीमेवरचा तालुका, जिथं पूर्व भागात कन्नड घराघरांत बोलली जाते. पाणी देत नसाल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या, असे ठराव इथल्या गावांनी २०१२ मध्ये केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्या ठरावांचा हवाला देऊन जतवर दावा सांगायची भाषा केली आणि मुंबई खडबडून जागी झाली. विस्तारित म्हैसाळ योजनेची फाईल त्यानंतर वेगानं हलली. दहा वर्षं गावांच्या ठरावानं जे झालं नाही, ते दुसऱ्या राज्याच्या मुख्यमंत्र्याच्या एका वक्तव्यानं झालं. (योगायोग असा, की राज्य सरकारं मनमानीनं बरखास्त करण्याला १९९४ साली ज्या खटल्यानं पायबंद घातला, तो बसवराज बोम्मईंचे वडील एस. आर. बोम्मई यांच्या नावानं ओळखला जातो.) कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेतून जतला पाणी द्यावं आणि त्याच्या बदल्यात महाराष्ट्रानं उन्हाळ्यात कृष्णेत पाणी सोडावं, ही सूचना कित्येक वर्षं चर्चेत आहे. भूगोल पाहिला तर ती अगदी शहाणी आहे. पण बेळगावच्या सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असताना सीमेवरच्या गावाला शेजारच्या राज्याचं पाणी घेऊ देणं म्हणजे हक्क सोडणं, अशी भीती दोन्हीकडे आहे. जतच्या शेतकऱ्याची तहान या भीतीनं भागत नाही.

ऊस आणि साखर ही या भागाची दुसरी नाडी. शेती राज्याची, सहकार राज्याचा, उसाचा दर मात्र ठरतो दिल्लीत. जीवनावश्यक वस्तू कायद्याखालच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातून तो अधिकार येतो. २००९ पासून रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, आला. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागं ३,५५० रुपये. १४ दिवसांत पैसे द्यायचे, हीही केंद्राच्या आदेशातलीच अट. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा देणारा शासन निर्णय काढला. स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं तो न्यायालयात नेला आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. इथं केंद्राचा कायदा ऊस उत्पादकाच्या बाजूनं उभा राहिला आणि राज्य सरकार कारखान्यांच्या बाजूनं. केंद्र दूर म्हणून वाईट आणि राज्य जवळ म्हणून चांगलं, हे समीकरण कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला कधीच पटलेलं नाही, कारण राज्य सरकारात कोण बसतं आणि कारखान्यावर कोण बसतं हे तो ओळखून आहे.

पण दूर बसून दर ठरवण्याची किंमतही इथंच मोजावी लागते. उसाचा दर केंद्र ठरवतं तसा साखरेचा किमान विक्रीदरही केंद्रच ठरवतं, कुणी महिन्याला किती साखर विकायची तेही. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो दर किलोला ३१ रुपये झाला आणि पुढं वर्षानुवर्षं तिथंच राहिला, तर एफआरपी त्याच काळात क्विंटलला २७५ वरून ३५५ पर्यंत गेली. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्यानं साखर कमी पडेल या धास्तीनं केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी घातली, काही दिवसांत ती थोडी सैल केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी उठवली. केंद्राच्याच धोरणावर विसंबून ज्यांनी कर्ज काढून आसवनी उभारली होती, त्यांना हंगामाच्या मध्यावर सांगितलं गेलं की थांबा. शहरातल्या ग्राहकाला साखर स्वस्त मिळावी ही केंद्राची जबाबदारी मला मान्य आहे. तिचा भार गाळप करणाऱ्या दोन-चार राज्यांवर टाकताना त्यांना विचारायची पद्धत असू नये, हे मान्य नाही. याच्या उलट दिशेनं जाणारा एक निकाल ऑक्टोबर २०२४ चा आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं आठ विरुद्ध एक मतानं औद्योगिक मद्यार्कावरही राज्यांचा अधिकार मान्य केला. मळीपासून निघणाऱ्या या मालावरचं केंद्राचं नियंत्रण ३४ वर्षांनी ढिलं झालं.

सहकाराच्या बाबतीतही अशीच एक घडामोड जुलै २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत घडली. ६ जुलैला केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झालं. २० जुलैला सर्वोच्च न्यायालयानं ९७ व्या घटनादुरुस्तीतला राज्यांतल्या सहकारी संस्थांविषयीचा भाग रद्द ठरवला, कारण सहकार हा राज्यसूचीतला विषय आणि त्याला हात लावायचा तर निम्म्या राज्यांची मान्यता घ्यायला हवी होती, ती घेतलीच नव्हती. केंद्रासाठी घटनेचं दार बंद झालं, तरी खिडक्या अनेक आहेत. रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण, बहुराज्य सहकारी संस्थांचा कायदा, इथेनॉलसाठी कर्ज. उसाला दिलेला जादा दर हा नफा समजून कारखान्यांना लावलेल्या प्राप्तिकराचा जुना तंटा २०२३ च्या अर्थसंकल्पात मिटवला गेला, त्यातून जवळपास १०,००० कोटींचा दिलासा मिळेल असं सांगितलं गेलं. तो न्याय होताच. पण पक्षांतराच्या या काळात कारखान्याच्या अध्यक्षाला दिल्लीकडे पाहण्याचं आणखी एक कारण त्यानं दिलं. राज्यसूचीतला विषय सूची न बदलता कसा सरकतो, हे समजायला सातारा-सांगलीच्या साखरपट्ट्याइतकी चांगली जागा नाही.

कराविषयी एवढंच सांगतो, की जीएसटी परिषदेत मतांचा एक तृतीयांश भार केंद्राचा आणि दोन तृतीयांश सगळ्या राज्यांचा आहे, निर्णयाला तीन चतुर्थांश लागतो, म्हणजे केंद्राच्या मनाविरुद्ध काही होऊ शकत नाही. तासगावच्या बागायतदारानं स्वतःचा बेदाणा विकला तर त्याला कर लागणार नाही, एवढा खुलासा व्हायला डिसेंबर २०२४ मधली जैसलमेरची बैठक उजाडली. आणि ज्या वाटपायोग्य करांचा ४१ टक्के हिस्सा राज्यांना मिळतो, त्यातून उपकर आणि अधिभार वगळलेले आहेत. २०२१-२६ या काळात महाराष्ट्राच्या वाट्याला त्या हिश्शातले ६.३१७ टक्के आले. महाराष्ट्राचा कर देण्यातला वाटा पाहता हे कमी वाटतं, पण श्रीमंत राज्यानं गरीब राज्याला हातभार लावणं हाच संघराज्याचा अर्थ आहे आणि मराठवाडा-विदर्भाचा अनुशेष मोजणाऱ्या आपण त्यावर फार तक्रार करू नये. उपकरांविषयीची तक्रार मात्र करावीच.

आता खालच्या मजल्याकडे. या दोन जिल्ह्यांचा त्यातला इतिहास देशात वेगळा आहे. जानेवारी १९३९ मध्ये औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपली सत्ता रयतेच्या हाती देणारी घटना लागू केली. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि गांधीजी यांनी मिळून तिचा आराखडा केला होता. आधी गावाची पंचायत, पंचायतींतून तालुका, तालुक्यांतून विधिमंडळ, अशी ती खालून वर जाणारी रचना. आटपाडी आणि कुंडल ही त्याच संस्थानची ठाणी. त्यानंतर चारच वर्षांनी कुंडलच्या परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांचं प्रतिसरकार उभं राहिलं, गावोगाव न्यायदान मंडळं चालली. त्या न्यायात कठोर शिक्षाही होत्या आणि त्या विसरू नयेत. पण गाव स्वतःचा कारभार स्वतः चालवू शकतं, हा विश्वास या मातीत आला तो तिथूनच.

देवराष्ट्र्यात जन्मलेल्या आणि कऱ्हाडहून पुढं आलेल्या यशवंतराव चव्हाणांनी मुख्यमंत्री असताना १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा केला, हे त्या वारशाशी जुळणारंच होतं. बलवंतराय मेहता समितीनं तालुक्यावर भर दिला होता. वसंतराव नाईक समितीनं जिल्ह्यावर दिला. १ मे १९६२ पासून शाळा, दवाखाने, रस्ते, शेती, पशुसंवर्धन जिल्हा परिषदेकडे आलं. आमदार-खासदारांना बाहेर ठेवलं आणि जिल्हाधिकाऱ्यालाही. नवं नेतृत्व तयार व्हावं, जुन्यानं त्याला दाबू नये, हा त्यामागचा विचार मला आजही धाडसी वाटतो. पुढचे कित्येक मंत्री याच शाळेतून गेले.

आणि मुंबईला पोचल्यावर त्यांनीच ही शाळा ओस पाडली. १९७४ च्या सुमारास जिल्हा नियोजन मंडळ आलं, पैशाची किल्ली पालकमंत्र्याकडे गेली. केंद्राच्या योजना वेगळ्या यंत्रणेतून राबू लागल्या. आमदार निधीनं गावच्या कामाचा निर्णय सभागृहाबाहेर नेला. शिक्षकभरती राज्याच्या पोर्टलवर गेली. सांगलीचे प्राचार्य पी. बी. पाटील यांच्या समितीनं १९८६ मध्ये ही घसरण मांडून सुधारणा सुचवल्या होत्या. ७३ वी दुरुस्ती एप्रिल १९९३ पासून लागू झाली, ११ व्या परिशिष्टात २९ विषय आले. पण ते द्यायचे की नाही हे राज्यावर सोडलं. केरळनं १९९६ पासून योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के हिस्सा खाली दिला. महाराष्ट्र, जो ३० वर्षं आधी सुरुवात करून बसला होता, तो मागं राहिला.

त्याचं टोक आपण नुकतंच पाहिलं. सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी असं घटना सांगते. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न आणि प्रभागरचनेतले बदल यांत ती अडकली, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगावं लागलं, तेव्हा प्रशासकाच्या कारभाराला तीन वर्षं उलटून गेली होती. ओबीसी आरक्षण हा न्याय्य आणि गंभीर प्रश्न आहे. पण विधानसभेची निवडणूक अशी तीन वर्षं लांबणं कुणाला चाललं असतं का? वित्त आयोगाचं अनुदान निवडून आलेली सभा नसेल तर अडतं, तसं ते अडलं. जिल्हा नियोजन समितीत चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून यायचे असतात, त्या काळात त्या जागा रिकाम्या होत्या आणि निर्णय पालकमंत्र्याकडे. आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे निवडून आलेले अध्यक्ष. पुराच्या जिल्ह्यात पुराच्या बैठकीतली लोकांची ती खुर्ची मोकळी होती.

सत्ता वरून खाली येण्याची वाट न पाहता लोकांनी ती हाती घेतल्याची उदाहरणं पुन्हा याच भागातली आहेत. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी भारत पाटणकरांच्या साथीनं बळीराजा धरण उभं केलं. नदीतली वाळू विकून पैसा उभारला आणि पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात वाटायचं ठरवलं. नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या आणि समन्यायी वाटपाची मागणी तेरा दुष्काळी तालुक्यांची झाली. लवादानं तीन राज्यांमध्ये पाणी टीएमसीत मोजून वाटलं. राज्याच्या आत ते कुणाला किती, हा प्रश्न कुठल्याच लवादापुढं नव्हता. तो या परिषदांनी विचारला.

ब्रिजेशकुमार लवादानं आपल्या निवाड्याच्या फेरविचाराची मुभा ३१ मे २०५० नंतरची ठेवली आहे आणि तो निवाडा अजून लागूही झालेला नाही. तोवर थांबायचं कारण नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी दोन्ही राज्यांचे अभियंते धरणांच्या विसर्गाविषयी बोलतातच. त्या बैठकीला १९५६ च्या नदी मंडळ कायद्याखाली कायमचं रूप द्यावं, तिची आकडेवारी त्याच दिवशी लोकांसाठी खुली करावी, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, विजयपूर, बागलकोट या जिल्ह्यांच्या निवडून आलेल्या अध्यक्षांना तिथं बसण्याचा आणि बोलण्याचा हक्क द्यावा. त्यासाठी घटना बदलावी लागत नाही. मुंबई, बेंगळुरू आणि दिल्ली या तिघांची तयारी लागते आणि पहिलं पत्र मुंबईनं लिहायला हवं, कारण नदी आपल्याकडून खाली जाते.